वाया गेलेली कॅप्सूल

मी लहान मुलांची डेंटिस्ट, नाशिकला क्लिनिक आहे. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सहा वर्षांचा मुलगा, खालच्या दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या दुधाच्या दाढा किडलेल्या, रात्री दुखत नव्हत्या पण गोड खाल्लं की कळ. सोबत आई आणि आजी. आजींचं ठरलेलं, "पडणारच आहेत की ते दात, काढून टाका." म्हटलं आजी, ही दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत टिकायला हवी, आत्ता काढली तर मागून येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि खालच्या दाताला जागाच राहत नाही. पटलं की नाही माहीत नाही, पण गप्प बसल्या.

डावी बाजू दोन आठवडे आधी केली होती. पल्पोटॉमी, म्हणजे वरची नस काढायची, मुळातली ठेवायची, आणि वर एमटीए, म्हणजे उरलेली नस झाकायचं सिमेंट. चांगलं मटेरियल आहे, 1993 पासून माहीत असलेलं, पण ओल्या वाळूसारखं, उचलायला गेलं की सांडतं आणि सेट व्हायला पावणेतीन तास. हलणाऱ्या पोराच्या तोंडात हे म्हणजे दिव्यच. म्हणून उजव्या बाजूला बायोडेंटिन, त्याच कामाचं दुसरं सिमेंट, वापरू म्हटलं, ते साधारण बारा मिनिटांत सेट होतं, शिवाय एकाच तोंडात दोन्ही असले तर पुढे एक्सरेत बघता येतील. (पीजीला असताना याच कामाला फॉर्मोक्रेसॉल, म्हणजे फॉर्मल्डिहाइड असलेलं औषध, वापरायचो, त्याचा वास अजून नाकात आहे. 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइड कॅन्सरकारक ठरलं, मी नंतर ती बाटली आणलीच नाही.)

त्या दिवशी पोरगं कंटाळलेलं, "झालं का, झालं का" चालू. मी घाई केली. नस काढली, ओला कापूस दाबला आणि लगेच सिस्टरला म्हटलं, ताई, मिक्स करा. तिने बायोडेंटिनच्या पावडरच्या कॅप्सूलमध्ये लिक्विडचे पाच थेंब टाकले, मशीन तीस सेकंद गरगरलं. इकडे कापूस उचलला तर रक्त. परत दाबला, परत रक्त, गडद लाल, पाच मिनिटं होऊन गेली तरी थांबेना. म्हणजे सूज मुळांपर्यंत गेलेली, आता वर बायोडेंटिन लावा नाहीतर सोनं, ती दाढ टिकणार नाही. हे मला मिक्स करायच्या आधी बघायला हवं होतं, पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही हेच शिकवतो!

आईला आत बोलावून सांगितलं, प्लॅन बदलतोय, मुळं साफ करून भरावी लागतील. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला योग्य वाटेल ते करा," पण आजींनी दारातून बघितलंच. मग पल्पेक्टॉमी, म्हणजे मुळातलीही नस काढायची, फाइल्स, सलाइन, आणि मुळं भरायला मेटापेक्सची पेस्ट. ते बरं, दात पडायच्या वेळी दुधाच्या दाताची मुळं विरघळतात तसं तेही विरघळतं.

तोवर ट्रेमधलं बायोडेंटिन दगड झालं होतं. स्वस्त येत नाही हो ते. पोराने उठता उठता विचारलं हे काय, मी म्हटलं तुझ्या दातासाठी केलेला सिमेंटचा खडा. "मग माझाच आहे ना?" एका छोट्या डबीत घालून दिला, आजींना बजावलं तोंडात घालू देऊ नका. सहा महिन्यांनी एक्सरेला आला तेव्हा दोन्ही दाढा ठीक होत्या, दोन्हीवर स्टीलच्या कॅप, आणि डबी खिशात होती.