समस्या आढळली नाही

महिन्याचा शेवटचा दिवस. लेखा विभागातून आमच्या आयटी विभागाकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आलं: ‘लॅपटॉप वायफायला लागत नाही. चौथी वेळ.’ ‘चौथी वेळ’ हे शब्द नुसत्या माहितीसाठी लिहिलेले नाहीत, हे मला कळत होतं. आधीची तिन्ही तिकिटं मीच बंद केली होती आणि तिन्हींवर शेरा एकच: समस्या आढळली नाही.

शेरा खोटा नव्हता. तिन्ही वेळा मॅडम लॅपटॉप काखेत घेऊन दोन मजले उतरून माझ्या टेबलाशी आल्या होत्या आणि माझ्यासमोर तो उघडला की पाच सेकंदांत वायफायला लागायचा. डॉक्टरांच्या दारात पाय ठेवला की ताप उतरतो, तसा प्रकार. पहिल्या वेळी मी जतन केलेलं नेटवर्क पुसून पासवर्ड पुन्हा टाकला. दुसऱ्या वेळी ड्रायव्हर काढून नवा घातला, वायफाय कार्डाची वीज वाचवायची सोय बंद केली. तिसऱ्या वेळी अख्खं नेटवर्क सेटिंगच रीसेट केलं आणि त्यात त्यांच्या घरच्या वायफायचा पासवर्डही उडाला. तो लिहून ठेवलेला कागद शोधण्यात त्यांची एक संध्याकाळ गेली, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी निघताना त्या म्हणाल्या होत्या, “आणि हल्ली माउसही मधेच अडकतो हो.” मी म्हणालो, “त्याचं वेगळं तिकीट टाका, मॅडम.”

चौथ्या वेळी मात्र त्या खाली आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, “तुम्हीच वर या. इथे बसा आणि बघा.”

त्यांची खोली मजल्याच्या अगदी टोकाला, लोखंडी कपाटांच्या रांगेआड. बाकी मजल्यावर नवे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे डबे, लागले होते, ५ गिगाहर्ट्झवरही चालणारे. या टोकाला मात्र फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालणारा एक जुना डबाच उरला होता. म्हणजे सिग्नल काही फार जोरात नव्हता, पण माझा फोन त्यांच्याच टेबलावर ठेवला तर बिनतक्रार जोडला गेला. लॅपटॉप जोडला जाईना. यादीत आमच्या नेटवर्कचं नाव दिसे, दोन रेघा दिसत, क्लिक केलं की गोल गोल फिरत राही आणि शेवटी ‘या नेटवर्कशी कनेक्ट करता येत नाही’. एकदा जोडल्यासारखा झाला, तेव्हा मी घाईने त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) पाहिला: १६९.२५४ ने सुरू होणारा. नेटवर्ककडे पत्ता मागून कुणी उत्तर दिलं नाही की लॅपटॉप स्वतःच स्वतःला असा पत्ता चिकटवतो. तो घेऊन इंटरनेटवर जाता येत नाही.

मला वाटलं, सापडलं. वाटायचे पत्ते संपले असणार. सर्व्हर उघडून पाहिलं तर निम्मे पत्ते शिल्लक. मग वाटलं, जुन्या डब्यावर गर्दी झाली असेल. जोडलेली उपकरणं मोजली, माझा फोन धरून चार. मग त्या डब्याची नोंदवही उघडली आणि तिथे पहिल्यांदा काहीतरी विचित्र दिसलं. वायफायला जोडताना पासवर्डची खातरजमा चार संदेशांत होते: पहिला डबा पाठवतो, दुसरा लॅपटॉप, तिसरा पुन्हा डबा, चौथा लॅपटॉप. याला फोर-वे हँडशेक म्हणतात. इथे डबा पहिला संदेश पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि समोरून हूं की चूं नाही. पासवर्ड चुकला असता तर लॅपटॉपने निदान चुकीचं का होईना, उत्तर दिलं असतं. हा तर बहिऱ्यासारखा गप्प होता.

विंडोज गेल्या तीन दिवसांचा वायरलेसचा अहवाल काढून देतं, तो काढला. रोज सकाळी कनेक्शन व्यवस्थित, आणि साडेदहाच्या सुमारास तुटलं की तुटलं. मी विचारलं, “साडेदहाला काय होतं?”

“काय होणार? कामाला लागते.”

“नवीन काही टाकलंय का लॅपटॉपवर?”

“हे तुम्ही तिन्ही वेळा विचारलंत. नाही.”

खोलीत बसून बाराचे सव्वाबारा झाले. त्या दिवशी दोनपर्यंत त्यांना आकडे पाठवायचे होते. त्या काही बोलत नव्हत्या, हे जास्त जड जात होतं. शेवटी मी म्हणालो, “लॅपटॉप जरा कॉरिडॉरमध्ये नेऊन बघू.” आणि उचलायला हात घातला.

“थांबा, थांबा, डिस्क काढू दे.”

डाव्या बाजूला, स्क्रीनच्या बिजागरीजवळच्या निळ्या पोर्टमध्ये एक बाहेरची हार्ड डिस्क लावलेली होती. वीतभर केबल, दिवा लुकलुकतोय. त्यांनी ती नीट बंद करून काढली. मी लॅपटॉप अजून टेबलावरून पुरता उचललाही नव्हता, तोच कोपऱ्यातलं चिन्ह बदललं. जोडला गेला.

मी लॅपटॉप खाली ठेवला. “लावा बरं परत.”

त्यांनी डिस्क लावली, कॉपी सुरू केली. अर्ध्या मिनिटात कनेक्शन गेलं. काढली, आलं. लावली, गेलं. तिसऱ्यांदा मी माउस हातात धरून बघितलं: डिस्क चालू असताना बाण पडद्यावर ठेचकाळत होता, डिस्क काढली की सरळ धावत होता. माउस वायरलेस, आणि त्याचा नखाएवढा रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्याच पोर्टमध्ये. तोही २.४ गिगाहर्ट्झवरच ऐकतो. म्हणजे मॅडमनी मला आठवड्यापूर्वीच उत्तर सांगितलं होतं आणि मी त्याचं वेगळं तिकीट मागितलं होतं.

ही गोष्ट मी वाचलेली होती, हे त्याहून लाजिरवाणं. त्या निळ्या पोर्टवर, म्हणजे यूएसबी ३.० वर, माहिती सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने धावते, आणि इतक्या वेगाच्या सिग्नलमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो रुंद पट्ट्यात पसरतो. त्या पट्ट्याच्या ऐन मध्यात २.४ गिगाहर्ट्झ येतं. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. इंटेलने २०१२ साली यावर एक शोधनिबंधच काढला होता. त्यातल्या मोजणीत यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झमधला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढलेला आहे. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. गोंगाट पोर्टमधून येतो, केबलमधून येतो, डिस्कच्या खोक्यातूनही येतो, आणि लॅपटॉपचा वायफायचा अँटेना बहुधा स्क्रीनच्या चौकटीत असतो, म्हणजे या डिस्कपासून हातभर अंतरावर. कानाशी मिक्सर चालू असताना पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारावी, तसं त्या बिचाऱ्याचं झालं होतं. माझा फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याला काही त्रास नव्हता.

आणि त्या दोन रेघा? त्या सिग्नल किती जोरात आहे तेवढंच दाखवतात. गोंगाट किती आहे ते दाखवत नाहीत. मी इतकी वर्षं त्या रेघांकडे बघून लोकांना ‘सिग्नल तर आहे की’ म्हणत आलोय.

“ही डिस्क कधीपासून लावताय?” मी विचारलं.

“तुम्ही दिलीत तेव्हापासून.”

खरंच की. तीन आठवड्यांपूर्वी रोजच्या बॅकअपसाठी आम्हीच सगळ्यांना डिस्क वाटल्या होत्या. वाटल्याची सही घेतलेला कागद माझ्याच खणात होता. रोज सकाळी साडेदहाला बॅकअप घ्या, ही सूचनासुद्धा आमचीच. त्यांच्या दृष्टीने ते ‘नवीन काही’ नव्हतंच, ऑफिसचं होतं. आणि मी विचारत होतो ते ‘लॅपटॉपवर टाकलेल्या’ गोष्टींबद्दल. खाली येताना डिस्क त्या साहजिकच वरच ठेवून येत. लॅपटॉप माझ्याकडे यायचा, दुखणं टेबलावरच राहायचं. बाकीच्यांची तक्रार नव्हती कारण त्यांच्या बाजूला ५ गिगाहर्ट्झ होतं. एवढा साधा हिशेब मांडायला मला दोन मजले चढावे लागले.

तात्पुरता उपाय पाच मिनिटांचा होता. उजवीकडे यूएसबी २.० चं एक जुनं पोर्ट होतं, डिस्क तिथे लावली. वेग उतरतो, ४८० मेगाबिटपेक्षा वर जात नाही, पण वायफाय टिकलं. बॅकअपला आता चौपट वेळ लागणार, तेव्हा तो संध्याकाळी निघताना लावायचा असं ठरलं. जाड आवरणाची दुसरी केबलही लावून पाहिली. निळ्या पोर्टवर तिने थोडा फरक पडला, पण भरवसा ठेवावा इतका नाही. खरा उपाय म्हणजे तो जुना डबा बदलणं. त्याची मागणी मी त्याच दुपारी वर पाठवली, तीन वेळा तिकीट आल्याचा उल्लेख करून. चार म्हणायला हवं होतं, पण तेवढं धैर्य झालं नाही.

आकडे दोनच्या आत गेले. मॅडमनी मग खालचा खण उघडला आणि दोन माउस काढून माझ्यापुढे ठेवले. माउसचं वेगळं तिकीट त्यांनी खरंच टाकलं होतं, एकदा नव्हे दोनदा, आणि माझ्या सहकाऱ्याने दोन्ही वेळा ‘खराब’ म्हणून माउस बदलून दिला होता. “हे दोन उंदीर घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “बिचारे धडधाकट आहेत.”

खाली आल्यावर दोन्ही लावून पाहिले. धडधाकट होते.

चौथं तिकीट मी सविस्तर लिहून बंद केलं: कारण, चाचणी, उपाय, सगळं. मग जुनी तिन्ही उघडून शेरा बदलायला गेलो. आमच्या प्रणालीत बंद तिकिटाचा शेरा बदलता येत नाही. तो अजून तिथेच आहे, माझ्या नावासह, तीन वेळा.