पूलर बसवला, तरी साइट आडवीच

मागच्या नोंदीत छाती ठोकून लिहिलं होतं, पीजीबाउन्सर (डेटाबेसची मोजकी कनेक्शनं सगळ्यांत फिरवणारा पूलर) आलाय, आता पावसाळा खुशाल येऊ दे. आला. शुक्रवारी रात्री दहाला निम्मं पुणे रविवारचा ट्रेक ठरवायला बसलं आणि आपली गडांची साइट आडवी.

आधीचं रामायण ठाऊकच आहे. पोस्टग्रेस या आपल्या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची. ती ४०० केली, तर प्रत्येक कनेक्शनमागे वेगळी प्रोसेस, ४ जीबीच्या बापड्या सर्व्हरची रॅम संपली आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने पोस्टग्रेसचाच गळा आवळला. म्हणून पूलर, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या क्वेरींचा गठ्ठा, संपेपर्यंतच कनेक्शन हातात), मागे फक्त २० कनेक्शन. त्यात दोन रात्री प्रिपेअर्ड स्टेटमेंटनी (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरींनी) खाल्ल्या. या मोडमध्ये ती चालवायची सोय पीजीबाउन्सरच्या १.२१ आवृत्तीपासून आहे, आणि आपल्या लिनक्स डिस्ट्रोच्या रेपोत (पॅकेजांच्या भांडारात) त्याहून जुनं पॅकेज होतं. रेपोवर डोळे झाकून विसंबू नका.

तर या शुक्रवारी वीसच्या वीस अडकलेली. सीपीयू मात्र जेमतेम ८ टक्के! डेटाबेस निवांत, दाराबाहेर रांग. पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी (कोणतं कनेक्शन काय करतंय त्याची यादी) उघडलं. १७ ओळींवर एकच शेरा, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. उरलेल्या ३ त्यांनी धरलेलं लॉक (डेटावरचं कुलूप) सुटायची वाट बघत. म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडी टाकून कुणीतरी चहाला गेलंय.

कोण? अस्मादिक. गडाचं पान उघडलं की भेटींचा आकडा वाढवायचा, मग त्याच ट्रान्झॅक्शनच्या पोटात हवामानाच्या एपीआयला (बाहेरच्या सर्व्हरवरच्या सेवेला) विचारायचं, मग कमिट (ट्रान्झॅक्शन पक्की करून बंद). एरवी तिकडून क्षणात उत्तर येतं. त्या रात्री आठ-आठ सेकंद. तेवढा वेळ कळसूबाईच्या आकड्यावर लॉक, आणि मागे कळसूबाईलाच निघालेली बाकीची जनता.

एपीआयचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढला. चार ओळींची हलवाहलव! शिवाय रेंगाळणाऱ्या ट्रान्झॅक्शनला ५ सेकंदांचा टाइमआउट.

पुढच्या महिन्यात रीड रेप्लिका (फक्त वाचण्यासाठी डेटाबेसची दुसरी प्रत) घ्यायची होती. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, पावसाचा अंदाज काही मिनिटामिनिटाला बदलत नाही. दर पानाला विचारायचंच कशाला? तासातासाला क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) सगळ्या गडांचा अंदाज आणून टेबलात ठेवू. भेटींचे आकडे वाल्कीत (मेमरीत चालणाऱ्या झटपट साठ्यात) मोजून मिनिटाला एकदा डेटाबेसात उतरवू. मग रेप्लिका हवीय कुणाला? तूर्तास रद्द.

आज पुन्हा शुक्रवार. पावणेअकरा वाजलेत, हरिश्चंद्रगडाच्या पानावर झुंबड आहे, आणि पीजीबाउन्सरच्या ‘शो पूल्स’मध्ये वेटिंगच्या रकान्यात शून्य. दर दोन मिनिटांनी बघतोय.