रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून क्लेम कापला

बायपासची केस असली की हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरचं, म्हणजे पेशंटच्या विम्याच्या क्लेमचे कागद बघायचं, काम सोपं असतं, निदान ठरलेलं, कोड ठरलेला. घाम फुटतो तो सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेल्या पेशंटच्या फाईलला. अशीच एक केस काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

पन्नाशीचे एक काका जेवून उठले आणि बेसिनपाशीच धाडकन पडले, डोक्याला खोक. कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा बीपी ८४/५०, पल्स ४४. टाके घातले, सलाईन लावलं, आयसीयूत मॉनिटरवर ठेवलं. अशा माणसाला कुठला डॉक्टर घरी पाठवेल सांगा.

प्रीऑथ फॉर्मवर, म्हणजे विमा कंपनीकडे आधी मंजुरी मागायच्या फॉर्मवर, प्रोव्हिजनल डायग्नोसिस आणि शेजारी आयसीडी-१० कोडचा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या कोडचा, रकाना असतो. डॉक्टर सरांनी लिहिलं 'सिंकोप, अंडर इव्हॅल्युएशन', म्हणजे शुद्ध हरपली, कारण शोधतोय; मी त्याचा कोड आर५५ टाकला, खाली खोकेचा एस०१.०. आरचे कोड लक्षणांचे असतात, नुसता ताप असेल तर आर५०.९, छातीत दुखत असेल तर आर०७.४, कारण सापडेपर्यंत वापरायलाच ते केलेत. त्यात काही लपवाछपवी नाही.

पहिलं अप्रूव्हल आलं. मग हार्ट ॲटॅकसाठीची ट्रोपोनिन टेस्ट, हृदयाची टूडी इको, ब्रेनचा एमआरआय, दिवसभर ईसीजी नोंदवणारं होल्टर, सगळं नॉर्मल. घरचे खूश, आणि इकडे फायनल बिलावर क्वेरी, की ॲडमिशन फक्त तपासण्यांसाठी दिसतंय. पॉलिसीत कोड-एक्सक्ल०४ नावाचं कलम असतं, इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, सगळ्या कंपन्यांना एकसारखं करून दिलेलं, मुख्यतः तपासणीसाठी ॲडमिट झालात तर खर्च मिळत नाही. कलम चुकीचं नाही, हौसेने ॲडमिट होऊन फुल बॉडी चेकअप करणारे आम्हीही बघतो. पण बेशुद्ध पडलेला माणूस त्याच कलमात कोंबायचा?

बिलिंगमधले एक सीनियर म्हणाले, "अगं सरांकडून टीआयए लिहून आण, जी४५.९, पाच मिनिटांत पास होईल." टीआयए म्हणजे थोड्या वेळापुरता येणारा मिनी-स्ट्रोक. मला याचा खरंच राग येतो. कागदावर एकदा टीआयए लागला की पुढच्या पॉलिसीच्या फॉर्मवर काकांना स्ट्रोकची हिस्टरी सांगावी लागणार, नाही सांगितली तर आजार लपवला म्हणून पुढचा क्लेम उडणार, आणि हे सगळं न झालेल्या आजारासाठी. सरही ठाम, जे नाही ते लिहिणार नाही म्हणाले.

मग मी नर्सिंग चार्टच काढला. तासातासाची पल्स, रात्री २ वाजता ४६, सलाईन कधी चढवलं, सिस्टरांच्या सह्या. आमच्या सिस्टर्स किती नीट लिहितात हे असल्या वेळी कळतं. सरांचं पत्र जोडून पाठवलं. इर्डाच्या २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे फायनल अप्रूव्हल ३ तासांत यायला हवं, आलं संध्याकाळी. बेड, आयसीयू, टाके मंजूर, एमआरआय आणि होल्टर कापलेले, शेरा काय तर जखमेच्या उपचाराशी संबंध नाही. म्हणजे आर५५ कुणी वाचलाच नाही, ॲडमिशन तारलं ते खोकेने.

काकांच्या पुतण्याने विचारलं, "ताई, एमआरआयमध्ये गाठ निघाली असती तर पैसे मिळाले असते?"

"हो, बहुतेक मिळाले असते."

तो काहीच बोलला नाही, कापलेले पैसे भरायला कार्ड पुढे केलं.

चार्टच्या झेरॉक्स मी त्याला दिल्यात, कंपनीच्या ग्रीव्हन्सला, म्हणजे तक्रार विभागाला, पाठवायचं पत्रही लिहून दिलंय. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात ऑफिस आहे, फी लागत नाही. तो जाणार म्हणालाय.