आम्ही की आपण: फ्लेन्सबुर्गच्या वर्गातून बेळगावकडे

परवा घरी फोन केला तेव्हा आईने विचारलं, "तिकडं तू शिकिवतीस तरी काय गं?" शहापुरातल्या आमच्या गल्लीत इंजिनीअर म्हटलं की कळतं, नर्स म्हटलं की कळतं. समाजशास्त्र म्हटलं की समोरचा विचारतो, म्हणजे समाजसेवा काय? आईला फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून इथे बसून लिहिते. तिच्यासाठी, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या तुम्हा सगळ्यांसाठीही, कारण यंदा आमच्या विभागात जे काम चाललंय त्यातलं निम्मं तुमच्याच उंबऱ्यावर बसून केलेलं आहे.

मी राहते ते फ्लेन्सबुर्ग जर्मनीच्या पार उत्तर टोकाला, खाडीकाठी आहे. डेन्मार्कची हद्द इतकी जवळ की सिटी बस पलीकडे जाऊन येते. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला जावं, तसं इथले लोक पलीकडे जातात. २०१६ पासून डेन्मार्कने हद्दीवर पुन्हा तपासणी सुरू केली, तरी येणं-जाणं थांबलेलं नाही. दुकानांच्या पाट्या दोन भाषांत, वाचनालयं दोन, शाळाही दोन प्रकारच्या. पहिल्या दिवशी बाजारात उभी राहिले तेव्हा खडेबाजारची आठवण येऊन घसा दाटला होता.

हा मुलूख १८६४ च्या युद्धानंतर डेन्मार्ककडून प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याकडे गेला. पुढे पहिलं महायुद्ध संपल्यावर इथल्या माणसांना सरळ विचारलं गेलं, तुम्हाला कुठे राहायचंय? उत्तरेच्या पट्ट्यात १० फेब्रुवारी १९२० ला मतदान झालं आणि सुमारे तीन चतुर्थांश मतं डेन्मार्कला पडली. फ्लेन्सबुर्ग धरून खालच्या पट्ट्यात १४ मार्चला झालं, तिथे ८० टक्के मतं जर्मनीला. तेव्हा जी रेष आखली तीच आज हद्द आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरोखर हेवा वाटला. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं ठरली, बेळगाव कर्नाटकात की महाराष्ट्रात या वादावर १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, आणि एवढ्या वर्षांत आमच्या आजोबांच्या दारात येऊन कुणी विचारलं नाही, बाबा, तुला काय पाहिजे? ते १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना हार घालायला जायचे आणि दिवसभर बोलायचे नाहीत. ते गप्प बसणं मी फ्लेन्सबुर्गला माझ्याबरोबर घेऊन आले आहे.

पण पुढचा इतिहास वाचत गेले तसा हेवा कमी झाला. उत्तरेच्या पट्ट्यातल्या टोंडर, ओबेनरो, सोन्नरबोर्ग या तीन गावांनी जर्मनीला जास्त मतं दिली होती. मोजणी अख्ख्या पट्ट्याची एकत्र ठरलेली, म्हणून ती गावं डेन्मार्कमध्ये गेली. विचारून रेष आखली तरी काही घरं नको त्या बाजूला राहतातच. मग प्रश्न उरतो तो त्या घरांचं पुढे काय करायचं हा, आणि इथे तो ज्या रीतीने सोडवला ते बघण्यासारखं आहे.

१९४९ साली या प्रांताच्या, म्हणजे श्लेसविग-होल्श्टाइनच्या, सरकारने कील शहरात एक जाहीरनामा काढला. त्यात लिहिलंय की डॅनिश असल्याचं सांगायला माणूस मोकळा आहे, आणि कुठल्याही अधिकाऱ्याने ते नाकारायचं नाही, तपासायचंही नाही. १९५५ साली बॉन (तेव्हाची पश्चिम जर्मनीची राजधानी) आणि कोपनहेगनच्या सरकारांनी आपापल्या बाजूने तशीच घोषणा केली. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, आडनावावरून अंदाज नाही. माझी एक सहकारी जर्मन नागरिक आहे, पण बालवाडीपासून डॅनिश शाळेत शिकली, जर्मनीतच. तिला मी आपल्या राज्यघटनेतलं ३५० अ कलम दाखवलं. तेही १९५६ सालचं. अल्पसंख्याक भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असं त्यात आहे. ती म्हणाली, "हे तर आमच्याही आधी सुचायला हवं होतं तुम्हाला," मग हिशेब करून स्वतःच थांबली: आमचं १९४९, तुमचं १९५६. कागदावर फार अंतर नाही. माझ्या वडिलांना जमिनीचा उतारा वाचून घ्यायला अजून शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलाला हाक मारावी लागते, आणि एका कचेरीत मराठीत अर्ज दिला म्हणून तो न वाचता परत केला होता. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलेली नाही.

आता वर्गाकडे येते.

आमचा एक तास हद्दीपलीकडच्या विद्यापीठाबरोबर एकत्र चालतो. एक आठवडा ते विद्यार्थी इकडे, एक आठवडा आम्ही सोन्नरबोर्गला. डॅनिश मुलं मला पहिल्या नावाने हाक मारतात, जर्मन मुलं आडनावाने, आणि मी बेळगावची, अजून माझ्या गाइडना मनातल्या मनात 'सर' म्हणते. या तासाला मी पहिलं काम देते ते असं: घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे जा आणि तुम्ही कोण, जर्मन की डॅनिश, हे अजिबात विचारू नका. दुखलं-खुपलं तर कुठल्या भाषेत ओरडता, हिशेब कुठल्या भाषेत करता, देवाचं कुठल्या भाषेत म्हणता, भांडता कुठल्या भाषेत, एवढंच विचारा.

मुलं परत आली की वर्ग उजळून निघतो. 'आमची आजी जर्मन' असं लिहून गेलेली मुलगी सांगते, आजी पीठ मळताना मोजते ते डॅनिशच्या दक्षिण युटलंड बोलीत. कुणाच्या घरी लो जर्मन निघतं, कुणाच्या घरी फ्रिशियन. यंदा एकाच्या पणजीची आठवण निघाली. तिला पेटू यायची. पेटू ही फ्लेन्सबुर्गची जुनी बोली, आता जवळपास विझलेली. खाडीतल्या आगबोटींचा हंगामी पास काढून गप्पा मारत फिरणाऱ्या बायकांची ही भाषा, त्या पासाच्या नावावरूनच तिचं नाव पडलं. शब्द बहुतेक जर्मन, पण वाक्याची ठेवण डॅनिश.

शब्द एकाचे आणि ठेवण दुसऱ्याची! मी फळ्याकडे वळले आणि कुपवाड लिहिलं. सांगली जिल्ह्यातल्या या गावावर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ साली छापून आलेला निबंध जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत वाचला जातो. कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू अशा चार भाषा शेकडो वर्षं एका गावात नांदल्या. प्रत्येक घराने आपापले शब्द जपले, पण वाक्याचा सांगाडा इतका जवळ आला की एका भाषेतलं वाक्य दुसऱ्या भाषेत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून सांगता यायचं. माझ्या मुलांना भारत म्हणजे दिल्ली, मुंबई एवढंच ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी कुपवाड नकाशावर शोधलं.

मग मी त्यांना माझंच उदाहरण दिलं. बेळगावात आम्ही मुलीसुद्धा 'मी जातो', 'मी आलो' म्हणतो. पुण्याला एम.ए.ला गेले तेव्हा मेसमध्ये पहिल्याच दिवशी "मी जेवून आलो" म्हटलं आणि सगळं टेबल हसलं. महिनाभर मी बोलणंच कमी केलं, आणि तेव्हापासून घराबाहेर 'जाते, आले' म्हणायची सवय लावून घेतली. पुढे कन्नड व्याकरण शिकताना लक्षात आलं की तिथे 'मी'च्या क्रियापदाला लिंगच नाही. बाई असो की बाप्या, 'होगतीनी'. आमच्या आज्या अडाणी म्हणून चुकत नव्हत्या. दोन भाषा एका अंगणात वापरून त्यांनी एक सोय करून घेतली होती. माझ्या वयाच्या ज्या बेळगावच्या मुली पुण्या-मुंबईत अजून जीभ आवरून बोलतात, त्यांना हे कळावं असं मला फार वाटतं.

यातूनच या वर्षीचं संशोधन उभं राहिलं. पथकात मी, ती डॅनिश शाळेतली सहकारी, बेळगावातल्या एका कॉलेजचे कन्नडभाषक सर आणि दोन विद्यार्थी. नियम एकच ठेवला: प्रत्येक घरी एक मराठी आणि एक कन्नड बोलणारं माणूस मिळून जायचं, आणि भाषा घरच्यांनी निवडायची. शहापूर, वडगावच्या विणकरांची घरं, खानापूर तालुक्यातली काही गावं, निपाणीकडची तंबाखूची शेतं असलेली कुटुंबं. आम्ही निष्कर्ष अजून काढलेले नाहीत, घाईही नाही. पण एक गोष्ट रोज दिसायची. माणसं भाषा निवडायची आणि पाचव्या मिनिटाला विसरून जायची. दवाखान्याचं एका भाषेत, लग्नाचं दुसऱ्या, आणि मधला विनोद दोन्हींत.

सगळ्यांत अवघड गेलं ते सहमतीपत्र. जर्मनीत कुणाचाही आवाज टेप करायचा तर परवानगी लागते, आमच्याकडे ती लेखी घेतात, आणि ते बरोबरच आहे. खानापूरकडच्या एका घरी मी तीन पानी कागद पुढे केला. आज्जींनी चष्मा लावला, कागद उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "सही कशाला लागतंय? जमिनीचं हाय काय?" त्यांच्या सुनेने हळूच सांगितलं, सही केलेल्या निवेदनांचा गठ्ठा घरात आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा, एकाचंही उत्तर आलं नाही. आता सही नको म्हणतात. मी कागद पिशवीत टाकला. त्या रात्री आमच्या नीतिसमितीला लिहिलं, आणि टेपवर तोंडी संमती घेतली तर चालेल असं उत्तर आठवड्यात आलं. नियम ज्यांनी केले त्यांनी माणसाची अडचण समजून तो वाकवला, याचं मला बरं वाटलं.

दुसरी अडचण रकान्याची. आपल्या जनगणनेत मातृभाषा एकच लिहायची असते, येणाऱ्या आणखी दोन भाषा वेगळ्या नोंदतात. आमच्या जर्मन फॉर्मवरही तसा एकच रकाना होता. सहकारीने तो पहिल्याच दिवशी खोडला. म्हणाली, "ही चौकट बघितली की आमच्याकडची म्हातारी माणसं ताठ होतात, मग खरं सांगत नाहीत." कॉलेजचे सर लगेच म्हणाले, "आमच्याकडं पण तसंच, अक्का." ती हसली, अक्का म्हणजे काय विचारलं, आणि मी सांगितलं: मोठी बहीण. अण्णा, अप्पा, अक्का हे शब्द मराठीने कन्नडकडूनच घेतले आणि इतके घरचे केले की परत मागायला कुणी आलं नाही.

मागच्या डिसेंबरात मी उतरवलेल्या मुलाखती घेऊन परत गेले. ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय काही छापायचं नाही, हे आमच्या विभागाने ठरवलं आहे. कुंदा आणि मांडे घेऊन खानापूरकडच्या त्या आज्जींकडे गेले. अंगणात शेजारच्या कन्नड घरातल्या काकूही बसल्या होत्या. मी वाचत होते: '८० सालच्या आसपास विहिरीला पाणी नव्हतं, तवा आम्ही दोन कोस जाऊन आणलो.' आज्जींनी हात वर केला.

"आम्ही म्हटलो काय मी?"

"होय, आज्जी."

त्यांनी शेजारणीकडे बघितलं. "ही पण होती की. आपण कर तिथं."

मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो. हा भेद मराठीने दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांकडून घेतला असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. आजच्या बोलीतल्या कन्नडात तो उरला नाही, 'नावु' एकच. आपल्याकडे टिकला. मी पेनाने 'आम्ही' खोडून 'आपण' लिहिलं आणि आज्जींना दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, तरी त्यांनी खोडलेल्या जागेवर बोट ठेवून बघितलं.

फ्लेन्सबुर्गला परतल्यावर जर्मन मसुदा उघडला. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द, 'वीर'. डॅनिशमध्येही एकच. सहकारी आणि मी एक अख्खी दुपार त्या वाक्याशी झगडलो आणि शेवटी तळटीप द्यायचं ठरवलं. ती टीप आता दीड पानाची झाली आहे. काल सरांनी त्यात कन्नड बाजूने एक परिच्छेद पाठवलाय, तो आज रात्री जोडायचा आहे.