सीट नागपुरात लागली, राहायचं कुठं? : माझा स्वाधार योजनेचा अनुभव

इंजिनिअरिंगला नंबर लागला की घरचे आधी फी विचारतात. आमच्याकडे फीचं उत्तर तयार होतं. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि जात वैधता प्रमाणपत्र हाताशी, त्यामुळे शिक्षण शुल्क मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून सुटणार होतं. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल) मुलींनाही, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ झाली. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्यामुळे इथवर पोचल्या. ही फार मोठी गोष्ट आहे. पण फी नसली तरी रात्री डोक्यावर छप्पर लागतं आणि दोन वेळचा डबा लागतो. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात असलेल्या आमच्या गावाहून उमरेडमार्गे रोज नागपूर जाऊन-येऊन करता येत नाही.

आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरला. गुणवत्ता यादीत नाव आलं नाही, आणि तिथूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा रस्ता सुरू होतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना बाहेर राहण्या-जेवण्यासाठी ही योजना थेट खात्यात पैसे देते. अट अशी की आधीच्या परीक्षेत किमान 50 टक्के हवेत, आणि ज्या शहरात शिकतोय तिथले आपण रहिवासी नको. वसतिगृह आणि स्वाधार, दोन्हींचे अर्ज आता एचएमएएस या एकाच सरकारी पोर्टलवर भरतात.

फॉर्म भरणं अवघड नव्हतं. अवघड होती खोली, आम्हा तिघी विद्यार्थिनींना मिळून राहायची.

बाबा रोवणी सोडून माझ्यासोबत आले होते. रोवणीचे ते दिवस म्हणजे आमच्याकडे वर्षाच्या मजुरीतला मोठा वाटा, त्यामुळे त्यांचा बुडणारा प्रत्येक दिवस मला दिसत होता. कॉलेज हिंगणा रोडच्या बाजूला, म्हणून लोकमान्य नगर, वासुदेव नगर, जयताळा असं आम्ही पायी फिरलो. एमआयडीसीतले कामगार आधीपासून याच भागात किरायानं राहतात, त्यात आसपासच्या कॉलेजांची पोरं. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनचं शेवटचं स्टेशन लोकमान्य नगरला आहे, आणि स्टेशन जवळ हे सांगूनच घरमालक किराया सांगायला सुरुवात करतात. वर्धा रोडकडे आम्ही पाहिलंच नाही. तिकडच्या मिहान या उद्योगक्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, एम्स आणि आयआयएम तिकडेच उभे राहिले, आणि मनीष नगर, बेसा, बेलतरोडीकडे पगारदार माणसांची मागणी एवढी आहे की तीन विद्यार्थिनींनी तिथं विचारण्यातही अर्थ नव्हता.

एक गोष्ट लिहायलाच हवी. दोन-तीन घरी खोली रिकामी होती, किरायाही जमत होता. मग विचारलं, "आडनाव काय तुमचं?" बाबांनी सांगितलं. "ह्यांना विचारून फोन करते." फोन आला नाही. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, पुढच्या गल्लीत वळले. माझे आजोबा दीक्षाभूमीला दरवर्षी चालत येणाऱ्यांतले. त्याच शहरात त्यांच्या नातीला आडनावावरून खोली नाकारली जाते, हे मी विसरणार नाही, आणि पुढं येणाऱ्या मुलींनी हे आपल्यात काही कमी आहे म्हणून घडलं असं मनाला लावून घेऊ नये.

शेवटी वासुदेव नगरकडे एका काकूंनी वरची खोली दिली. तिघींत मिळून नऊ हजार, लाइट बिल वेगळं. सगळं ठरलं आणि मी अ‍ॅग्रीमेंटचं काढलं, कारण स्वाधारला खोली किरायानं घेतल्याचा कागद लागतो.

"लिहून-बिहून काही देणार नाही बाई. उद्या तुम्ही घरच सोडलं नाही तं?"

ही भीती नागपुरात बहुतेक घरमालकांना असते, आणि याच एका कागदापायी अनेकांचा स्वाधारचा अर्ज अडतो. कॉलेजातल्या एका सीनियर ताईनं मला कायदा समजावला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोंदलेला करारच नसेल, तर वादाच्या वेळी अटींबद्दल किरायदाराचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद काकूंनाच जास्त उपयोगाचा होता. मी हे सांगत होते तेव्हा त्या माझ्याकडे कमी आणि बाबांकडे जास्त पाहत होत्या. बाबा म्हणाले, "ताई, कागदावर तारीख राहील तं तुमाले बी भेव नाही, आमाले बी नाही." त्यावर त्या तयार झाल्या. अकरा महिन्यांचा करार झाला, नोंदणीचा खर्च आम्ही तिघींनी वाटून घेतला. करारात तिघींचीही नावं घालून घेतली. एकीच्याच नावावर केला असता तर बाकी दोघींच्या अर्जाला तो चालला नसता.

बाकीचे कागद सेतू केंद्रातून आणि कॉलेजातून निघाले: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, बोनाफाइड, स्थानिक नसल्याचं प्रतिज्ञापत्र. बँकेत मात्र नीट विचारा. खात्याला आधार जोडलेलं असणं पुरेसं नाही, सरकारी पैसा ज्या खात्यात यायचा त्याच खात्याचं आधार सीडिंग, म्हणजे आधार क्रमांकावर येणारे पैसे त्या खात्यात जातील अशी नोंद, झालेलं हवं.

आता पैशाचं. नागपूरसाठी वर्षाला भोजन भत्ता 32,000, निवास भत्ता 20,000, निर्वाह भत्ता 8,000, असे एकूण 60,000. इंजिनिअरिंग आणि मेडिकलला वर 5,000. निवास भत्ता महिन्याला साडेसोळाशे-सतराशेच्या घरात जातो, आणि माझ्या वाट्याचा किराया तीन हजार. जेवणाचे महिन्याला सव्वीसशे-सत्तावीसशे येतात, त्यात डब्याचं जेमतेम भागतं. हे आकडे जानेवारी 2017 च्या शासन निर्णयातले आहेत, आणि मी अर्ज केला तेव्हाही तेच होते. 2017 च्या त्या जानेवारीत मिहानकडे मेट्रो धावत नव्हती आणि एम्सही उभं नव्हतं. शहर बदललं, त्याचा किराया बदलला, मग निवास भत्ता 20,000 वर का थांबावा? तो दर दोन वर्षांनी तरी शहराच्या किरायाशी ताडून पाहायला हवा.

दुसरं दुखणं वेळेचं. डिपॉझिट आणि पहिला किराया जुलै-ऑगस्टमध्ये द्यावा लागतो. माझा पहिला हप्ता आला तोवर परीक्षेचे फॉर्म भरून झाले होते. मधले महिने आईनं बचत गटातून उचललेल्या कर्जावर निघाले. आईला गटात पत होती म्हणून मी टिकले. माझ्या ओळखीतली एक मुलगी सत्र अर्धं सोडून गोंदियाला परत गेली, तिचा अर्ज मंजूर असूनही.

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिप मिहानमध्ये मिळाली तर वासुदेव नगरहून निघून सीताबर्डीला मेट्रो बदलून खापरीला उतरायचं, असं ठरवून ठेवलंय. तिकडे खोली घेणं परवडणार नाही. नोकरी नागपुरातच मिळावी असं फार वाटतं, कारण पुण्याला जायचं म्हटलं तर पुन्हा डिपॉझिटपासून सुरुवात.

यंदाही 75 टक्के हजेरीचा दाखला घेऊन स्वाधारचा अर्ज भरला आहे. काकूंनी करार न कुरकुरता पुढे वाढवून दिला, किराया मात्र दर मुलीमागे पाचशेनं वाढला. पोर्टलवर निवास भत्ता अजून 20,000 च आहे.