लाल पेनाचा शेरा

पुण्याहून नणंद आली किंवा बदली होऊन कुणी नवी शिक्षिका आली, की प्रश्न ठरलेला. "दर चार-दोन वर्षांनी कृष्णामाई दारात येते, शाळा धुऊन नेते. पुन्हा सगळं मांडायची उमेद तुम्ही आणता कुठून?" आजवर मी "सवय झाली" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं आहे. पुराची सवय होत नसते. आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून खरं काय ते सांगते.

सांगलीजवळच्या नदीकाठच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, चौथीला शिकवते. ऑगस्टात आमच्याकडे माणूस भेटला की आधी विचारतो, "आयर्विनला किती झालं?" आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल. तिथं पाणी 45 फूट म्हणजे धोका. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलेलं. त्याच्या खुणा गावात भिंतीभिंतीवर. म्हणून 2019 मध्ये ज्यानं त्यानं सामान त्या खुणेच्या वर चढवलं. आम्हीही हजेरीपत्रकं आणि मुलांच्या वह्या खुणेच्या वीतभर वर ठेवल्या आणि निर्धास्त झालो. पाणी 57 फुटांच्या वर गेलं.

ओसरल्यावर वर्ग उघडला तर वह्यांचा लगदा. घरी राहिलेली दप्तरंही गेली होती. मदत खूप आली, नाकारणार नाही. पण रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीगही पडले होते, फाटक्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी. घरातली अडगळ काढायला काहींना आमचा पूर बरा सापडला होता.

त्यातच जतकडच्या एका शाळेतून खोकं आलं. जिल्हा एकच, पण आम्ही पाण्यात बुडालेलो आणि तिकडे टँकर चालू. आत 19 वह्या. कोऱ्या नव्हेत, लिहिलेल्या! जून-जुलैचा सगळा अभ्यास त्या मुलांनी हातानं उतरवून पाठवला होता. तिथल्या गुरुजींची चिठ्ठी होती: कल्पना मुलांचीच, नुसती कोरी वही घेऊन ती पोरं काय करतील, म्हणाली.

एका पठ्ठ्यानं तर आपली वही जशीच्या तशी उतरवलेली. गुणाकार चुकलेला, त्यावर लाल फुली, खाली लाल पेनानं "अक्षर सुधारा", आणि गुरुजींची सहीसुद्धा. ती वही ज्याच्या वाट्याला आली तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाई, हे मला का म्हणल्यात? मी काय केलंय?" अख्खा वर्ग हसला. गाळ काढायला लागल्यापासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं, मीसुद्धा.

आता मुलं म्हणजे देवाघरची फुलं वगैरे मी म्हणणार नाही. त्याच दुपारी नव्या कंपासपेटीवरून दोघांनी एकमेकांना बोचकारलं होतं.

माझ्या वर्गात 23 मुलं. एकीचं घर वरच्या आळीला, तिची वही कोरडी राहिलेली. म्हणजे तीन जणांना वही कमी. मी म्हटलं, बघू, झेरॉक्स काढू. पण वीज कुठे होती? मधल्या सुट्टीनंतर वर्गात येते तर ही पोरगी खाली बसून आपल्या वहीच्या पिना पट्टीनं उचकटतेय. मी ओरडलेच. घरात जिथे तिथे चिखल, आणि एक धड राहिलेली वही ही फाडतेय!

तिनं मान वर केली नाही. पानांचे तीन गठ्ठे केले, तिघांपुढे ठेवले. "एका टायमाला तिघं लिहितील, बाई. मग बदलायची. माझी आई शिवून देती परत."

आईनं पोत्याच्या सुतळीनं शिवून दिली. पानं मात्र खालीवर झाली. वर्षभर तिच्या वहीत भागाकाराच्या मधेच कविता यायची, आणि तपासताना मी लाल पेन हातात धरून पान शोधत बसायचे.