चालायचं कुठे?

पुण्यातल्या एका पेठेत मी फिजिओथेरपिस्ट आहे. साठीच्या एक काकू माझ्याकडे येतात. १२ वर्षांची शुगर, बीपी आणि गुडघे. तीन महिने मी त्यांना एकच सांगत होते, रोज अर्धा तास चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, जुनाट आजार असणाऱ्यांनाही. काकू "हो, चालते की" म्हणायच्या, पण तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९ टक्क्यांच्या खाली येईना.

त्या दिवशी शेवटची अपॉइंटमेंट रद्द झाली. म्हटलं, "काकू, चला, घरापर्यंत सोबत येते."

फुटपाथपाशी काकूंनी विजेचा खांब धरला, तिरक्या झाल्या आणि बरा पाय आधी वर टाकला. जिन्यासाठी मीच शिकवलेली पद्धत! पोटरीची सूज मोजायची टेप खिशात होती, ती कडेला लावली. २९ सेंटिमीटर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार ही उंची १५च्या वर नको. वीसेक पावलांवर दुचाक्या आडव्या लावलेल्या, म्हणून पुन्हा खाली. अशी चार वेळा चढउतार. मग काकू सरळ रस्त्यावरूनच चालू लागल्या, मागून रिक्षांचे हॉर्न. त्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, खडा टोचला तरी कळत नाही. माझा जीव टांगणीला. टेकायला एक कट्टासुद्धा नाही.

"सकाळी गर्दी नसते," मी म्हटलं.

काकू हळूच म्हणाल्या, "तेव्हाच निघाले असते गं. पण बीपीची गोळी घेतली की तासाभरात दोन-तीनदा जावं लागतं. बाईमाणसानं वाटेत जायचं कुठं?"

तीन महिन्यांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. फार लागलं मनाला.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले. गोळी आता चालून आल्यावर. त्यांच्या घरामागे देवळाचं पटांगण आहे. सपाट फरशी, बसायला पार, आणि पुजारीबाई स्वच्छतागृहाची किल्ली देतात. आत प्रदक्षिणा नको म्हणून बजावलं, अनवाणी पाय त्यांना परवडणार नाहीत. बाहेर, बूट घालून. पहिल्या दिवशी दोघी मिळून फिरलो. एक फेरी ११० पावलांची.

फेरी झाली की काकू पारावरच्या वाटीत एक चिंचोका टाकतात. परवा वाटी माझ्यापुढे धरली, "मोज." बावीस होते.